हेमकूट, मागून

सात.

लेसरचा लाल ठिपका भिंतीवर थरथरतो, स्थिरावतो. दोन मीटर पंच्याण्णव.

भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास. बसमध्ये आई शेजारी बसली की तोही बसायचा.

द्राक्षांचे रिकामे क्रेट भरलेला टेम्पो गल्लीत अडकलाय. ड्रायव्हर खाली उतरून आरशात केस नीट करतोय.

कलम चार: या यादीत नसलेले सर्व काही सामाईक समजले जाईल.

पिवळा परकर वाऱ्याने फुगतो. आत कुणी नसताना.

सात. चैतालीने पुन्हा मोजल्या, या वेळी उजवीकडून. प्रिंटवाल्याकडून आणलेली गुंडाळी काखेत, चहाचा कप हातात, आणि टेम्पो सुटेपर्यंत करायला दुसरं काही नाही म्हणून मान वर गेलेली. शरणपूर रोडच्या मागची ही गल्ली, समोर हेमकूटची पाठ. वरच्या तीन मजल्यांवर, मजल्याला दोन, अशा स्वयंपाकघरांच्या सहा खिडक्या. काखेतल्या कागदावर, 'मागील बाजू' या शीर्षकाखाली, तिने काढलेल्या सहा. आणि भिंतीत सात. सातवी दोन ओळींच्या मध्येच, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यावर, गोल लोखंडी जिन्याला लागून. तिच्यात परकर वाळत होता. चहाने जीभ पोळली हे नंतर कळलं. आधी कळलं ते हे, की ही खिडकी आपण ओळखतो. बाहेरून नाही. आतून. तिच्या गजांना तोंड लावलं की गंजाची आंबट चव यायची.

हेमकूट १९३८चं. मुंबईच्या कुणा कापूसवाल्या शेठजींनी, हवा पालटायला येणाऱ्या आपल्या तोलामोलाच्या लोकांसाठी बांधलेलं, म्हणजे बोटीच्या कठड्यासारख्या गोल बाल्कन्या, पुढच्या जिन्यावर गोल काचा, तळपाय गार करणारी ठिपक्यांची फरशी, आणि जाळीच्या दाराची लिफ्ट, जिच्यात आता वॉचमन सायकल ठेवतो. आठ फ्लॅट, सगळे भाड्याचे, पिढ्यान्‌पिढ्या. आता शेठजींचे पणतू ते राहणाऱ्यांच्याच नावावर करून मोकळे होताहेत. त्यासाठी एक घोषणापत्र, आणि त्याला जोडलेले चैतालीचे नकाशे. गुरुवारी दुपारी ते नोंदवलं जाणार. नकाशात ज्याला नंबर आहे ते कुणाचं तरी घर. ज्याला नंबर नाही ते सगळ्यांचं. गुरुवारपर्यंत यादी रहिवाशांच्या अध्यक्षांच्या एका शब्दाने बदलते, कारण पणतू त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. गुरुवारनंतर आठही मालकांच्या सह्या लागतील. आज सोमवार.

टीप १: सर्व मापे मीटरमध्ये, प्रत्यक्ष जागेवर घेतलेली.

प्रत्यक्ष जागेवर. दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये आठ फूट उरत होते. दीड महिना ती लेसर टेप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली होती, आणि ऑफिसात संगणकावर भिंतीला भिंत जोडताना ते आठ फूट उघडे पडले तेव्हा तिने तिथे दोन तिरक्या रेघा मारून लिहिलं: डक्ट. पाइप वर न्यायची पोकळी. ती दोन फुटांची असते, फार तर तीन. सातपूरच्या आयटीआयमधल्या पहिल्या वर्षाच्या मुलींनीही विचारलं असतं, मॅडम, आठ फुटांतून काय हत्ती वर चढवायचाय? खाली उतरायचं, इमारतीला वळसा घालायचा, मागे जाऊन बघायचं, पाच मिनिटांचं काम. ती गेली नाही. गेली नाही हेही तितकं खरं नाही. एकदा ती कोपऱ्यापर्यंत गेली होती, लोखंडी जिन्याची पहिली पायरी दिसेपर्यंत, आणि मग फोन आल्यासारखं करून वळली होती. फोन आला नव्हता. बंद फोन कानाला लावून 'हो हो, निघालेच' असं ती वॉचमनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली होती. वॉचमन, महेश, पुढच्या फाटकात रोज उभा राहून म्हणायचा, 'या मॅडम.' त्या दोन शब्दांवर ती दीड महिना चालली होती, ठिपक्यांच्या फरशीवर, चपलांचा आवाज करत. मागच्या पायरीवर पाय ठेवला असता तर ती पाच वर्षांची झाली असती. हातात पाटी, पुढे आईच्या भेगाळलेल्या टाचा, जिना वळतो तशी खालची जमीन वळते, आणि वरून कुणाचा तरी आवाज, 'सिंधुबाई, आलात का? मागून या, पुढे पुसलंय.' पुढे नेहमीच पुसलेलं असायचं.

टेम्पो सुटला. चैतालीने तिथूनच गौरांग सरांना फोन लावला. वास्तुविशारद ते. नकाशाखाली सही त्यांची.

"सर, हेमकूटला मागे एक खिडकी जास्त आहे."

"जास्त म्हणजे? कुणी भिंत फोडली का नवीन?"

"नाही. आधीपासूनची आहे. मी घेतली नाही."

"एका खिडकीने काय होतंय, चैताली? राहू दे."

"खिडकीमागे खोली आहे. आणि खोलीत माणूस आहे."

"डक्ट आहे म्हणालीस ना?"

"म्हणाले. बघितलं नव्हतं."

पलीकडे हॉर्न वाजला, मग दुसरा. सर गाडी चालवत असावेत. "बघितलं नव्हतं," ते म्हणाले, जणू हे वाक्य त्यांना कुणीतरी दुसऱ्या भाषेत सांगितलं होतं. "बावीस वर्षं काम करतेस तू. बरं, ऐक. अध्यक्षांना, नानांना विचार. ते हो म्हणाले तर पान बदलू. नाही म्हणाले तर सामाईकमध्ये जाऊ दे. तसंही वरच्या मजल्यावाल्यांना पंपाला खोली हवीय, ते खूशच होतील."

संध्याकाळी अशोकनगरच्या घरी आई लसूण सोलत बसली होती. गुडघ्यांपायी सिंधुबाईंनी कामं सोडली त्याला बरीच वर्षं झाली, पण हात अजून रिकामे राहू शकत नाहीत. चैतालीने टीव्हीचा आवाज कमी केला. आई, हेमकूटला मागे एक खोली होती ना, जिन्याच्या मध्यावर? तिला वाटलं होतं आई आठवेल, थोडी थांबेल, डोळे बारीक करेल.

"होती म्हणजे? धोंडी ऱ्हाती की तितं. तू दीड महिना जाती ना मोजायला? भेटली नाय तिला?"

"नाही."

"एवढी अंगाखांद्यावर खेळवली तिनं तुला. कांजिण्या आल्या तवा कोण बसलं होतं? तुझा बाप सेकंड शिफ्टला, मी नानांकडं." आईने एक पाकळी डोळ्यांसमोर धरून बघितली, टाकली. "साहेबीणबाई पुढच्या जिन्यानं गेल्या असतील."

"आई."

"मग काय खोटं हाय?"

चैतालीने विचारलं, वर्षानुवर्षं विचारायचं होतं ते विचारलं, की तुला कधी वाटलं नाही का पुढून जावं. आई हसली. "मला? मागनं जवळ पडायचं गं. सरळ मोरीत. पुढनं गेलं की सतरा दारं, सतरा नमस्कार, या बसा नाय आणि जा नाय." आणि पुन्हा लसूण. चैताली तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे ही लाज, जी ती इतकी वर्षं आईची म्हणून सांभाळत होती, आईसाठी म्हणून शिकत होती, आईसाठी म्हणून पुढच्या फाटकातून जात होती, ती आईची नव्हतीच. आईकडे ती कधी आलीच नव्हती. चैतालीने ती एकटीनेच आणली होती, कुठून कोण जाणे, पाटीबरोबर. यात हलकं वाटावं की एकटं, हे तिला कळेना. लसणाचा वास आला. साबणाचा नाही.

टीप २: भिंतींची जाडी जागेवर तपासावी.

मंगळवारी ती मागून गेली. जिना तिला वाटला होता त्यापेक्षा अरुंद, आणि पायांना मात्र तो आहे तेवढाच आठवत होता. किती पायऱ्यांनी वळायचं, कुठे कठड्याचा गज सुटलाय, कुठे पाऊल आतल्या बाजूला दाबायचं, सगळं डोक्याच्या आधी पायांत. जानेवारीचं ऊन लोखंडावर पडून नुकतंच कोमट झालेलं. पहिल्या मजल्यापर्यंत अठरा. मग आणखी नऊ. दार उघडंच होतं. आत धोंडाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून पोळपाट पुसत होत्या. पेठच्या डोंगरातून आलेलं काटक अंग, आता अठ्ठ्याहत्तरीला वाकलेलं. वळून न बघताच म्हणाल्या,

"या. लय दिवस लावलं."

"ओळखलंत?"

"पाय वळखला. सिंधूवानीच टाकतेस, आदी टाच." मग वळल्या. "मागल्या महिन्यात तूच ना, भिंतीपल्याड? नानाच्या घरात टिक टिक वाजायचं, आन् कुणी आकडं बोलायचं. म्हनलं ही सिंधूची पोर. म्हनलं आता येईल मागं. दोन दिस भात वाईच जास्ती टाकला."

चैतालीच्या तोंडात गंजाची चव आली. ती उभी होती त्या आठ फुटांत, ज्यांच्यावर तिने दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या. रेघा मारायला किती वेळ लागला होता? एक सेकंद? त्या एका सेकंदात हा पलंग, ही पेटी, हा एका शेगडीचा गॅस, खिळ्याला टांगलेली आरसी, सुनेने मुंबईहून पाठवलेला मिक्सर, अजून खोक्यातच, हे सगळं पोकळी झालं होतं. पाइप जायची जागा. तिने सांगितलं. कागद काय आहे, गुरुवार काय आहे, आपण काय केलंय. न थांबता सांगितलं, जशी सतराचा पाढा म्हणायची, मध्ये श्वास घेतला तर अडू म्हणून.

धोंडाबाईंनी सगळं ऐकलं. "म्हंजी मी कागदाव नाय."

"नाही."

"पह्यलं तरी कुठं होते?" त्यांनी पोळपाट जागेवर उभा केला. "पर तवा कागदच नव्हता. आता झालाय, तर असावं मानसानं."

नाना वर राहतात, सहा नंबरमध्ये, नऊ पायऱ्या वर. पण त्यांच्याकडे जायचं तर चैतालीला खाली उतरून, वळसा घालून, पुढच्या जिन्याने पुन्हा चढावं लागलं, कारण नानांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार कित्येक वर्षं उघडलेलं नव्हतं. नाना हेमकूटच्या रहिवाशांचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, वय एक्क्याऐंशी, जन्म याच सहा नंबरमधला. त्यांनी दार उघडलं ते हसतच.

"या मॅडम. गौरांगचा फोन होता, म्हणाला मुलगी घाबरलीय."

"घाबरले नाही. चुकले."

"अरे वा! हे हल्ली ऐकायला मिळत नाही. बसा, कॉफी घ्या."

तिने सांगितलं. नाना ऐकताना मान हलवत होते, पसंतीची मान, विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर येतंय अशी, आणि तरी शेवटी म्हणाले, "पण धोंडाबाई आहेतच की. त्यांना कोण हलवतंय? माझ्या आईपासून इथे कामाला आहेत, घरच्याच."

"मग घरांच्या यादीत घालू."

"यादीत कशाला? आम्ही आहोत ना."

"किती दिवस?"

नानांनी कॉफीची बशी खाली ठेवली. "एक्क्याऐंशीच्या माणसाला असं विचारतात?"

"तुम्ही म्हणालात आम्ही आहोत, म्हणून विचारलं. गुरुवारनंतर तुम्ही आठांतले एक. वरच्यांना पंपाची खोली हवीय."

"हं." ते खिडकीकडे बघत राहिले. चिडले असावेत. त्यांच्या जागी तीही चिडली असती, चांगला माणूस आहे असं स्वतःला माहीत असताना कुणी पावती मागितली तर. "तुम्हाला एवढं काय आहे हो त्यात? नकाशा कुणाचाही असो, चुका होतात."

आता इथे नियम सांगता आला असता. कलम सांगता आलं असतं. चैतालीने पायाखालची फरशी बघितली, ठिपके, काळे, पांढरे, विटकरी, आणि तिला दिसलं की आपण पाय उचलून धरलेत, टाचा फरशीला लागू नयेत असे.

"मी सिंधुबाईंची मुलगी. तुमच्याकडे कामाला होत्या."

नानांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "म्हणजे तू ती? ओट्याखाली बसून पाढे म्हणायचीस? सतरा सक..."

"एकशे दोन."

"तिथेच अडायचीस! मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो."

मॅडमचं तू झालं होतं. दीड महिना जी गोष्ट जाईल म्हणून ती धास्तावली होती ती गेली, एका वाक्यात, आणि छत जागेवर होतं, पंखा फिरत होता, कॉफीवर साय धरत होती. तिने टाचा खाली टेकवल्या. फरशी गार होती, बस.

"ती खोली कशी आहे?" नानांनी विचारलं, खालच्या आवाजात.

"तुम्ही पाहिली नाही?"

"तसा... प्रसंग आला नाही."

चैतालीच्या पर्समध्ये लेसर टेप होती. एकट्याने बटण दाबलं की आकडा येतो. तिने पर्समधून दुसरी काढली, जुनी, पोलादी, गुंडाळीची. "टोक धरायला कुणीतरी लागेल," ती म्हणाली.

मागच्या दाराच्या कडीवर रंगाचे इतके थर बसले होते की ती दाराचाच भाग झाली होती. नानांनी खलबत्त्यातला बत्ता आणला. तीन ठोक्यांत कडी सुटली, चौथ्यात दार, आणि उजेड स्वयंपाकघरात नको तिथून शिरला. नाना उंबऱ्यावर उभे राहिले, पोहायला उतरणाऱ्या माणसासारखे. मग पाठमोरे होऊन, दोन्ही हातांनी कठडा धरून, एक एक पायरी. खालून धोंडाबाईंचा आवाज आला.

"नाना, सहावी हालती. तिच्याव भार देऊ नका."

"मला कुणी सांगितलं नव्हतं," नाना म्हणाले, हवेला.

"तुमी इचारलं कवा?"

आत आल्यावर त्यांना कुठे उभं राहावं कळेना. चैतालीने टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. भिंतीला टेकवा. इथे? इथे. घट्ट. टेकवलं. ती मागे मागे सरकत गेली, पलंगाला वळसा घालून. तीन मीटर दहा. नाना भिंतीशी कान लावल्यासारखे उभे होते, आणि मग खरोखरच त्यांनी कान लावला.

"हा माझा फ्रिज आहे."

"रातदिस बोलतो त्यो," धोंडाबाई म्हणाल्या. "आन् रेडिओ. सकाळच्या बातम्या मी तुमच्याकडनंच ऐकते. वीस वर्सं झाली आसतील. तुमी मधीच बंद करता, हवामान राहून जातं."

"सगळं ऐकू येतं?"

"खोकता ते येतं. दोन दिस खोकला नाय आला की मी महेशला वर लावून देते, जा, बघून ये."

"तो दुधाचं विचारायला येतो!"

"मग काय सांगंल? जिता हाय का बघाया आलो?"

नाना हसले नाहीत. हसायला सुरुवात झाली होती, तोंड त्या आकारात आलं होतं, पण ते तिथेच राहिलं. चैतालीने टेप आडवी लावली. दोन मीटर पंचेचाळीस. लिहून घेतलं, भिंतीची जाडी लिहून घेतली, दाराची रुंदी, आणि हे सगळं चालू असताना एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस टोक धरून उभा होता, सांगेल तिकडे, अगदी लक्ष देऊन, जसं काही त्याचा हात जरा हलला तर खोली लहान होईल. तिला वाटलं, आपण आत्तापर्यंत घरं मोजली ती रिकामी असल्यासारखी. शेवटचं माप झाल्यावरही नाना टोक सोडेनात.

"झालं, नाना."

"झालं? बरोबर आलं ना? पुन्हा बघ एकदा." मग खिशातून फोन काढून त्यांनी मुंबईला लावला, शेठजींच्या पणतूला, तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून. "हेमकूटमध्ये नऊ फ्लॅट आहेत," ते म्हणाले. "नाही, वाढवला नाही. आहेच तो. आम्ही मोजायला चुकलो. हो, आम्ही. राहणाऱ्यांचं नाव लिहून घ्या." आणि फोनवर हात ठेवून, जरा ओशाळून, "धोंडाबाई, तुमचं आडनाव काय?"

"गावित," धोंडाबाई म्हणाल्या. "आता बसलाच हात तर च्या घ्या. माज्याकडं कॉफी नसती."

टीप ३: जे मोजले नाही ते दाखवू नये. जे मोजले ते वगळू नये.

बुधवारी दुपारी तिने पान नव्याने काढलं. गौरांग सर मागे उभे राहून, मान चोळत, 'सगळी क्षेत्रफळं बदलणार आता, टक्केवारी बदलणार' असं म्हणत होते, आणि टेबलावर तिच्यासाठी समोसा ठेवून गेले. गुरुवारी नोंदणीच्या कार्यालयात गर्दी होती. नवरा-नवरी, कुणाची तरी जमीन, कुणाचं भांडण. कारकुनाने पानं उलटली, नऊ नंबरवर बोट ठेवून विचारलं, ही खोली पहिल्यांदाच दिसतेय का, आणि धोंडाबाई बाकावरून, इरकली लुगडं नीट करत, म्हणाल्या, "व्हय, पह्यल्यांदाच." शिक्का पडला. शेजारी सिंधुबाई बसल्या होत्या. नको म्हणताना आल्या होत्या, गुडघा धरत, धोंडीला सोबत म्हणून. त्या दोघींचं त्या वेळी मेथी कुठे स्वस्त मिळते यावर चाललं होतं. चैतालीने कागदाला ऊन लागू नये म्हणून तो छातीशी धरला आणि दोघींच्या मागे मागे, त्यांच्या चालीने, पायऱ्या उतरली.

१९३८ ते १९७४ त्या खोलीत बंबाचा कोळसा ठेवत असत. मग धोंडाबाई राहायला आल्या.